खाँसाहेबांची आवड

रमजानचा चाँद दिसला की मुस्लिम मोहल्ल्यातल्या घरांत गाण्यांचा आवाज आपोआप खाली येतो. एरवी स्वयंपाकघरात चालू असणारा रेडिओ, मोबाइलवरची रफीची गाणी, सगळं महिनाभर मागे पडतं. कानावर पडतं ते तरावीहच्या नमाजातलं कुराणपठण, आणि सहरीच्या सुमारास कुठून तरी येणारी एखादी नात. मग शेजारपाजारचे हमखास विचारतात, "तुमच्यात गाणं चालतं की नाही हो?"

याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. वाद्यसंगीताला साफ मनाई मानणारे उलेमा आहेत. समा, म्हणजे अल्लाहच्या आठवणीत गाणं ऐकणं, ही इबादतीची वाट मानणारे चिश्ती सूफीही आहेत. एकाच घरात वडील एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला, असंही असतं. हा वाद या पानावर मिटणार नाही. पण ज्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, त्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना स्वतःला काय ऐकायला आणि गायला आवडत होतं, हे पाहण्यासारखं आहे.

खाँसाहेबांचा जन्म 1872 सालचा, उत्तरेतल्या कैराना गावचा. त्या गावावरूनच 'किराणा घराणं' हे नाव पडलं. वाणसामानाच्या किराण्याशी त्याचा संबंध नाही, हे सांगून ठेवलेलं बरं. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात आले, पुढे मुंबई, पुणे असं फिरत फिरत मिरजेत स्थिरावले. मिरजेत असताना त्यांना प्लेग झाला. दर्ग्यात दुआ मागितली, गाण्याची हजेरी लावली आणि ते बरे झाले, अशी हकीकत मिरजेत आजही सांगतात. त्यानंतर दर्ग्याच्या उरुसात गाण्याचा त्यांचा नेम झाला.

स्वतः एवढे मोठे गवई, पण दुसऱ्याचं गाणं आवडलं की ते मोकळेपणानं उचलायचे. ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ हे त्यांचं मोठं दैवत. हे रहिमत खाँ विष्णुपंत छत्रे यांच्या सर्कशीबरोबर हिंडले आणि मिरजेजवळच्या कुरुंदवाडात राहिले. त्यांच्या स्वरांतला ओलावा खाँसाहेबांच्या गळ्यात उतरला, असं जाणकार सांगतात. घराण्याच्या भिंती त्या काळी किती जाड होत्या, हे लक्षात घेतलं म्हणजे यातलं धाडस कळतं.

दुसरी आवड दक्षिणेची. म्हैसूर, मद्रास या बाजूला त्यांचं जाणं-येणं असे. तिकडचे गवई सरगम ज्या तऱ्हेनं घेतात ती त्यांना इतकी भावली की आपल्या ख्यालात त्यांनी ती आणली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यागराजांची रामभक्तीची तेलुगू कृती त्यांनी खरहरप्रिया रागात रेकॉर्डवर गायली. कैरान्याचा मुसलमान गवई, तेलुगू भाषा आणि राम! हे त्यांनी कुणाला काही दाखवून देण्यासाठी केलं असेल, असं ती रेकॉर्ड ऐकताना वाटत नाही. चीज आवडली, म्हणून गायली.

तिसरी आवड आपल्या मराठी वाचकांच्या अगदी जवळची. 1911 साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकातलं पदही त्यांनी रेकॉर्डवर गायलं. उच्चार अस्सल पुणेरी नाहीत. एखाद्या चोखंदळ आजोबांनी नाक मुरडावं, असे एक-दोन शब्द आहेतही. पण स्वर असा लागला आहे की ते आजोबाच पुन्हा ऐकायला मागतील.

गाण्याइतकीच त्यांना वाद्यांची आवड. तंबोरा बिघडला तर स्वतः दुरुस्त करत. मिरज म्हणजे तर वाद्यं बनवणाऱ्यांचंच गाव. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतली मंडळी सतार-तंबोऱ्याकडे वळली आणि सतारमेकर झाली. सोलापूर भागातला मोठा, जाड सालीचा कडू भोपळा आणायचा, वाळवायचा, कापायचा. मग दांडी, खुंट्या, घोडी. सगळ्यात नाजूक काम जवारीचं. घोडी अगदी बारीक घासत जायची, मधूनमधून तार छेडून पाहायची. शेवटी तारेखाली सुताचा दोरा, म्हणजे 'जीव', सरकवायचा. तो बरोबर जागी आला की तंबोरा गुंजायला लागतो. खाँसाहेबांचं गाणं या गुंजनात विरघळलेलं असायचं, त्यामुळे त्यांना जवारीची पारख असणं साहजिकच होतं.

संसारात मात्र हा सूर टिकला नाही. बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या ताराबाई माने आणि खाँसाहेब यांनी एकत्र संसार केला, पाच मुलं झाली. 1922च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीनाची सरस्वती झाली. सरस्वती राणे म्हणून पुढे सगळ्यांना ठाऊक झाल्या त्या याच. हिराबाई बडोदेकर ही त्यांची थोरली बहीण. बापाचं नाव मुलांच्या नावामागे राहिलं नाही, पण बापाची आवड राहिली. किराण्याचेच अब्दुल वहीद खाँ यांनी हिराबाईंना तालीम दिली, आणि हिराबाईंच्या तोंडून महाराष्ट्रानं ते गाणं घरातलं म्हणून ऐकलं. सुरेशबाबूंकडे आणि हिराबाईंकडे प्रभा अत्रे शिकल्या. त्या वेगळं होण्याचं दुःख कुणाला किती झालं, याचा हिशेब बाहेरच्यानं मांडू नये.

घराबाहेरही ही आवड अशीच पसरली. गदगचा एक मुलगा दुकानात लागलेली खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकायला थांबला. त्या तव्याची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यानं त्याला असं वेड लावलं की 1933 साली, अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. खूप भटकल्यावर तो कुंदगोळला खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, यांच्याकडे पोहोचला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. दुकानात ती रेकॉर्ड कुणी लावली, त्या माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. आपल्या आवडीचं गाणं त्यानं जरा मोठ्यानं लावलं, एवढंच.

ऑक्टोबर 1937मध्ये खाँसाहेब मद्रासकडे दौऱ्यावर होते. तिथून पाँडिचेरीला जाताना आगगाडीत त्यांच्या छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावरच बिछाना घातला. त्यांनी नमाज पढली, आणि दरबारी कानड्याच्या सुरांत अल्लाहचं नाव घेत घेत डोळे मिटले, असं त्यांचे शिष्य सांगत आले. तारीख होती 27 ऑक्टोबर. रमजान लागायला आठ-दहा दिवस उरले होते. मुलांना धाकात ठेवून "गाणं की नमाज" असं विचारणाऱ्यांनी आणि तोच प्रश्न उलटा करून विचारणाऱ्यांनीही त्या फलाटाकडे एकदा पाहावं.

मय्यत मिरजेला आणली, आणि ज्या दर्ग्यात ते वर्षानुवर्षं गायले तिथेच त्यांना दफन केलं. उरुसात आजही मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली खाँसाहेबांच्या नावानं संगीत सभा भरते. देशभरातले गवई, सतारिये तिथे हजेरी लावून जातात. समोर बसलेल्यांत टोपीवालेही असतात, कुंकूवाल्या बायकाही असतात, आणि बैठकीच्या आधी तंबोरे जुळवायला जवळच्याच गल्लीतला सतारमेकर येऊन बसलेला असतो.