वर्तुळाचे सात समान भाग

भाकरीचे चार समान तुकडे कुणीही करतो. सात करायचे म्हटले, की सुरी हातातच थबकते. मिलिंग मशीनवर काम करणाऱ्या कारागिरासमोर भाकरीऐवजी पोलादी चकती असते आणि तिच्या कडेवर सात समान खाचा पाडायच्या असतात.

३६० ला ७ ने भागले, की उत्तर ५१.४२८ च्या पुढे लांबतच जाते. कारागिराने सोयीसाठी ५१.४ अंश धरले, तर सहा अंतरे सारखी येतात. सातवे मात्र ५१.६ अंशांचे होते. १०० मि.मी. त्रिज्येच्या चकतीवर हा फरक सुमारे ०.३५ मि.मी. भरतो. तोही कळतो शेवटच्या खाचेला, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर.

यावरचा उपाय म्हणजे मशीनच्या टेबलावर बसवायचे ‘डिव्हायडिंग हेड’. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्सच्या जोसेफ ब्राउन यांनी १८६२ मध्ये जे युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनवले, त्यातही जॉब धरून मोजून फिरवणारे असे हेड होते. ड्रिलच्या पिळदार खाचा तोवर कानशीने हाताने घासाव्या लागत.

हेडची रचना साधी आहे. जॉब धरणारा चक स्पिंडलवर बसतो. स्पिंडलवर ४० दात्यांचे चाक असते आणि त्याला वर्म, म्हणजे आटे असलेला दांडा, फिरवतो. हँडलचे ४० फेरे झाले, की जॉबचा एक फेरा होतो. सात भागांसाठी प्रत्येक वेळी ४० भागिले ७, म्हणजे पाच पूर्ण फेरे आणि वर पाच सप्तमांश फेरा हवा. हँडलमागच्या प्लेटवर २१ भोकांचे वर्तुळ असले, तर हा अपूर्णांक म्हणजे बरोबर १५ घरे. दशांश चिन्ह कुठेच येत नाही. घरे मोजताना पिन ज्या भोकात आहे ते धरायचे नाही. नवशिके नेमके इथेच चुकतात.

छोट्या वर्कशॉपला हे हेड स्वतः बनवणे परवडते, त्याचे कारणही या ४० मध्येच आहे. प्लेटवरचे एखादे भोक ०.१ अंशाने सरकले, तरी जॉबपर्यंत पोहोचेतो ती चूक ४० पटीने घटून ०.००२५ अंश उरते. वर्मच्या चाकातली चूक मात्र घटत नाही, जशीच्या तशी जॉबवर उतरते. म्हणून प्लेट घरी पाडली तरी चालते. वर्म आणि त्याचे चाक चांगल्या दर्जाचेच घ्यावे.

दोन गोष्टी आराखड्यातच ठरवाव्या लागतात. वर्म आणि चाकाच्या दात्यांमध्ये थोडा ढिलेपणा राहतोच. तो कमी करता यावा म्हणून वर्म पुढे-मागे सरकवण्याची सोय ठेवतात आणि हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवून थांबवतात. दुसरी गोष्ट स्पिंडलच्या लॉकची. कटरचा धक्का दात्यांनी नव्हे, लॉकने सोसायला हवा. नाहीतर जॉब थरथरतो, कटर तुटू शकतो आणि उडालेला तुकडा डोळ्याला लागू शकतो.

कटर लावण्याआधी एकदा कोरडी फेरी मारणे शहाणपणाचे. सात वेळा मोजून पिन पुन्हा पहिल्याच भोकात आली, तरच पोलादाला हात लावावा.