बर्फ वर, मीठ तळाशी

दक्षिण आफ्रिकेतल्या एमालाह्लेनीच्या परिसरात कोळसाखाणींत पाणी साचतं. कोळशातल्या पायराइटला हवा-पाणी लागलं की आम्ल सुटतं आणि ते पाणी सल्फेटने जड होतं. २००७ पासून तिथला एक प्रकल्प ते रिव्हर्स ऑस्मोसिसने शुद्ध करून शहराला पुरवतो. प्रश्न उरतो तो गाळून मागे राहिलेल्या ब्राइनचा, म्हणजे अतिखारट पाण्याचा. ते तळ्यात वाळत घालायचं किंवा इंधन जाळून आटवायचं, असे दोनच मार्ग रूढ आहेत.

केपटाऊन विद्यापीठात ॲलिसन लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरा मार्ग धरला: ब्राइन गोठवायचं. पद्धतीचं नाव युटेक्टिक फ्रीज क्रिस्टलायझेशन. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात तिच्यावर बरंच काम झालं होतं.

खारं पाणी थंड करत नेलं की आधी शुद्ध पाण्याचाच बर्फ धरतो. स्फटिक क्षाराला आत घेत नाही, त्यामुळे उरलेलं पाणी अधिकाधिक खारट होत जातं. मग एक असा बिंदू येतो, जिथे बर्फ आणि क्षार एकदमच बाहेर पडू लागतात. सोडियम सल्फेटचा हा बिंदू शून्याखाली जेमतेम सव्वा अंशावर, तर साध्या मिठाचा उणे २१ अंशांवर. बर्फ हलका म्हणून तरंगतो, क्षार जड म्हणून तळाशी बसतो. वेगळं करायचं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं! शिवाय प्रत्येक क्षाराचा बिंदू वेगळा, म्हणून ते एकेक करून काढता येतात. २०११ साली केपटाऊनच्या गटाने खाणीच्या ब्राइनमधून ९८ टक्के शुद्ध कॅल्शियम सल्फेट आणि ९६.४ टक्के शुद्ध सोडियम सल्फेट मिळवलं. टाकाऊ भाग ९७ टक्क्यांनी घटला.

या पद्धतीचे चाहते एक आकडा हमखास सांगतात. किलोभर पाणी गोठवताना ३३४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, वाफ करताना २२५७ घालावी लागते. हिशेब खरा, पण अर्धा. आजची बाष्पकं तीच वाफ पुन्हा पुन्हा वापरतात, त्यामुळे सहा-सातपटीची बचत प्रत्यक्षात हाती येत नाही. माझ्या मते खरी कमाई विजेत नाही, वेगवेगळ्या निघणाऱ्या क्षारांत आहे.

आणि खरी डोकेदुखी भिंतीची. गोठवणी जिथून होते त्या थंड पत्र्यालाच बर्फ चिकटतो, आणि हा थर उष्णता अडवतो. म्हणून आत खरवडणारी पाती फिरत ठेवतात. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमधल्या लाकडी पात्यांचंच काम. भिंत आणि द्रव यांच्या तापमानातला फरकही थोडाच ठेवावा लागतो. मग यंत्र सावकाश चालतं, मोठं लागतं, महाग पडतं. बर्फाच्या कणांमध्ये अडकलेलं ब्राइन गार स्वच्छ पाण्याने धुऊन काढावं लागतं, ते निराळंच.

आपल्याकडे हा विषय तमिळनाडूतल्या तिरुपूरशी येऊन भिडतो. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली रंगाईघरं बंद झाली आणि सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवरच पुन्हा उघडता आली. हे सांडपाणी आटवून उरतं ते सल्फेट-क्लोराइडचं मिश्रण, आणि त्याला गिऱ्हाईक मिळणं कठीण. यातलं सल्फेट थंडीला पटकन वश होतं: ३२ अंशांच्या पाण्यात ते जितकं विरघळतं, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा शून्य अंशाला टिकतो. क्लोराइड मात्र उणे २१ पर्यंत ओढून न्यावं लागतं, तेही तमिळनाडूच्या उन्हाळ्यात, आणि हाती येतं ते बाजारात स्वस्तात मिळणारं मीठ.