शिकारीच्या रिव्हॉल्व्हरवरचा तो बारीक स्क्रू कशासाठी असतो? आणि वऱ्हाडातल्या वावरात तो का दिसत नाही?

अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. त्यातल्या लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरवर मागच्या बाजूला नीट बघा, एक बारीक स्क्रू दिसेल. स्वसंरक्षणाच्या साध्या रिव्हॉल्व्हरवर तो सहसा नसतो. अमरावती-अकोल्याकडे असा रील कुणी पाहिला की विषय थेट रानडुकरांवरच येतो. म्हणून दोन्ही गोष्टी एकदाच समजून घेऊ.

नेम धरायला दोन खुणा लागतात. नळीच्या टोकाला माशी, डोळ्याच्या बाजूला खाच. खाचेच्या मधोमध माशी आली आणि दोन्हींचा माथा एका रेषेत दिसला की नेम जुळला. ‘फिक्स्ड साइट’मध्ये या खुणा जागच्या हलत नाहीत. कानपूरला बनणारं सरकारी कारखान्याचं .32 रिव्हॉल्व्हर याच प्रकारचं. ‘अ‍ॅडजस्टेबल साइट’मध्ये मागची खाच स्क्रूने वर-खाली, डावी-उजवी सरकते. गोळी जिकडे न्यायची तिकडे खाच सरकवायची, इतका साधा हिशोब.

पण एवढ्याशा सरकण्याने फरक तो काय पडणार?

कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात माशी आणि खाच यांच्यातलं अंतर जास्तीत जास्त 220 मिलिमीटर ठेवता येतं. तिथे खाच फक्त 1 मिलिमीटर चुकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 11 सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणजे दहाच्या जागी सहा गुण. खेळात गुण जातात. शिकारीत जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं. 50 मीटरवर हीच चूक दुप्पट होते.

शिकाऱ्याची आणखी एक अडचण असते. फिक्स्ड साइट कारखान्यात एका ठरावीक वजनाच्या गोळीसाठी आणि ठरावीक अंतरासाठी जुळवलेली असते. गोळी बदलली की नेमही बदलतो. गंमत म्हणजे हँडगनमध्ये जड गोळी बहुतेक वेळा खाली नाही, वर लागते. ती हळू जाते, नळीत जास्त वेळ राहते आणि तोवर धक्क्याने नळी वर उचललेली असते. म्हणून 1955 मध्ये आलेल्या रुगर ब्लॅकहॉकसारख्या रिव्हॉल्व्हरना अ‍ॅडजस्टेबल साइट मिळाली. तोटाही आहेच. स्क्रू सैल होतो, खाच आपटते, कपड्यात अडकते. कमरेला लावून फिरणाऱ्याला फिक्स्डच बरी.

आता वावरात येऊ. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौसेच्या शिकारीला आता बंदी आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांसाठी मात्र कलम 11 मध्ये लेखी परवानगीची सोय आहे. रानडुक्कर आणि रोही त्यात बसतात. सोयाबीन, तूर, हरभऱ्यासाठी रात्र-रात्र जागल करणाऱ्या शेतकऱ्याला हे कलम माहीत असायलाच हवं. परवानगी नसेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण परवानगी मिळाली म्हणून रिव्हॉल्व्हर मिळत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. परवाना अकोल्यात जिल्हाधिकारी देतात, अमरावती शहरात पोलीस आयुक्त.

या बंदुकांवर बहुतेक वेळा खाचच नसते. पुढे एक मणी, बस्स. म्हणजे फिक्स्ड की अ‍ॅडजस्टेबल हा वादच इथे उरत नाही. खरी अडचण अंधाराची आहे. काळ्या डुकरावर काळी माशी दिसणार कशी? अंदाजाने झाडलेली गोळी पोटात किंवा पायात बसते. जखमी रानडुक्कर उलटून अंगावर येतं, आणि सकाळी त्याच वावरात निंदणाला बाया येणार असतात.

आणि काळवीट? पीक तेही खातं. पण ते अनुसूची 1 मधलं आहे. माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असेल, तरच त्याच्यासाठी परवानगी मिळते. फक्त पीक खाल्लं म्हणून मिळत नाही.