फोटो खुले आहेत, पण सुरक्षित आहेत का? इंटरनेटवरच्या मोफत संग्रहांचा बॅकअप नेमका कसा घेतात

२ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. १८१८ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात सुमारे दोन कोटी वस्तू आणि नमुने होते. त्यातला बहुतांश संग्रह काही तासांत जळून गेला. त्यानंतर तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी लोकांना एक आवाहन केलं: या संग्रहालयात तुम्ही कधी गेला असाल, तर तिथे काढलेले फोटो आम्हाला द्या.

कित्येक वस्तूंच्या बाबतीत पर्यटकानं सहज काढलेला फोटो हीच आता उरलेली खूण होती. हे फोटो गोळा झाले, इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले गेले. पण मग पुढचा प्रश्न येतोच. वस्तू जळू शकते, तसा तिचा फोटो ठेवलेला सर्व्हर बंद पडू शकत नाही का? आणि तसं झालं, तर त्या फोटोची दुसरी प्रत कुणाकडे असते?

खुला संग्रह म्हणजे काय?

गुगलवर शोधल्यावर दिसणारा प्रत्येक फोटो वापरायला मोकळा नसतो. खुल्या संग्रहात मात्र फोटो, ध्वनिमुद्रणं, व्हिडिओ किंवा पुस्तकांचे स्कॅन अशा परवान्याखाली ठेवलेले असतात, की ते कुणीही डाउनलोड करावेत, वापरावेत आणि पुढे द्यावेत. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' हा अशा परवान्यांचा सर्वांत प्रचलित प्रकार. बहुतेक वेळा अट एवढीच असते, की मूळ छायाचित्रकाराचं नाव द्यायचं.

असा सर्वांत मोठा साठा म्हणजे 'विकिमीडिया कॉमन्स'. तो ७ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाला. आज त्यात १० कोटींहून अधिक फाइली आहेत. मराठी विकिपीडियावर एखाद्या किल्ल्याचा किंवा लेखकाचा फोटो दिसतो, तो बहुधा इथूनच आलेला असतो. दुसरा मोठा साठा 'इंटरनेट आर्काइव्ह'चा. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ही संस्था सुरू केली. तिथे पुस्तकं, गाणी, चित्रपट आणि जुन्या वेबसाइटची पानं साठवली जातात. या दोन्ही संस्था नफ्यासाठी चालत नाहीत, देणग्यांचा त्यांना मोठा आधार आहे.

इतका मोठा साठा खरंच गायब होऊ शकतो?

होऊ शकतो, आणि झालाही आहे.

'जिओसिटीज' हे नाव १९९० च्या दशकात इंटरनेट वापरणाऱ्यांना आठवत असेल. लाखो लोकांनी तिथे आपली मोफत वेबपानं बनवली होती. याहू कंपनीनं २६ ऑक्टोबर २००९ रोजी ही सेवा बंद केली. 'आर्काइव्ह टीम' नावाच्या स्वयंसेवकांच्या गटानं बंद होण्याआधी धावपळ करून जमेल तेवढी पानं उतरवून घेतली. आज जिओसिटीजचं जे काही पाहायला मिळतं, त्यातलं बरंचसं अशा धावपळीतून वाचलेलं आहे.

'मायस्पेस'च्या बाबतीत तेवढीही सवड मिळाली नाही. सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत अपलोड झालेली गाणी गेली, असं २०१९ मध्ये कंपनीनं मान्य केलं. त्या वेळच्या बातम्यांनुसार ही संख्या सुमारे पाच कोटी गाण्यांची होती. संशोधनासाठी काही जणांनी आधी उतरवून ठेवलेली ४ लाख ९० हजार गाणी नंतर इंटरनेट आर्काइव्हवर आली. पाच कोटींतली पाच लाखसुद्धा नाहीत. म्हणजे शंभर गाण्यांमागे जेमतेम एक वाचलं.

या दोन्ही ठिकाणी लोकांचा समज एकच होता: मोठी कंपनी आहे, म्हणजे बॅकअप असेलच.

मग खुल्या परवान्याचा फायदा काय?

खुला परवाना फाइल वाचवत नाही. तो फाइल वाचवण्याची परवानगी देतो. हा फरक छोटा वाटतो, पण सगळं त्यावर अवलंबून आहे.

कॉपीराइट असलेला फोटो वेबसाइट बंद होताना कुणी मोठ्या प्रमाणावर उतरवून दुसरीकडे ठेवला, तर कायद्याची अडचण येऊ शकते. खुल्या परवान्याच्या फोटोबाबत ही भीती नसते. कुणीही, कधीही, विचारल्याशिवाय प्रत करू शकतो.

फ्लिकरचं उदाहरण बघा. २०१८ मध्ये ही सेवा स्मगमग कंपनीनं विकत घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं, की मोफत खात्यावर फक्त १,००० फोटो राहतील आणि त्यावरचे काढून टाकले जातील. खुल्या परवान्याच्या फोटोंचं काय होणार, यावरून चर्चा झाली आणि शेवटी ते फोटो या कात्रीतून वगळले गेले. तोवर त्यातले लाखो फोटो स्वयंसेवकांनी कॉमन्सवर नेऊनही ठेवले होते.

यात एक अडचण असते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. पण फोटोग्राफरनं मूळ पानच काढून टाकलं, तर परवाना दिला होता याचा पुरावा कुठे? म्हणून फ्लिकरवरून कॉमन्सवर फोटो आला, की मूळ पानावर त्या वेळी कोणता परवाना होता हे तपासून तारखेसह नोंदवलं जातं. फोटोसोबत त्याचा कागदही जपावा लागतो, जसा जमिनीसोबत सातबारा.

दोन ठिकाणी प्रत असली की झालं ना?

इथे बहुतेकांची गल्लत होते. 'मिरर' आणि 'बॅकअप' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विकिमीडियाची दोन मुख्य डेटा सेंटर अमेरिकेत आहेत, एक व्हर्जिनियात आणि दुसरं टेक्ससमध्ये. एका ठिकाणी आलेली फाइल दुसरीकडेही साठवली जाते. दर सहा महिन्यांनी ठरवून सगळं काम एका केंद्रावरून दुसऱ्यावर हलवलं जातं. त्या वेळी काही मिनिटं विकिपीडियावर संपादन करता येत नाही. ही एक प्रकारची रंगीत तालीमच. एक केंद्र खरोखर बंद पडलं, तर दुसरं उभं राहील का, हे यातून कळतं.

पण आरशाचा स्वभावच असा, की समोर जे आहे तेच दिसतं. एखाद्या प्रोग्रामच्या चुकीमुळे पहिल्या ठिकाणी हजार फाइली पुसल्या गेल्या, तर दुसऱ्या ठिकाणीही त्या पुसल्या जाऊ शकतात. फोन आणि क्लाउड जोडलेला असताना फोनमधून फोटो डिलीट केला की क्लाउडमधूनही जातो, तसंच हे.

बॅकअप म्हणजे रोजच्या वापरापासून वेगळी ठेवलेली प्रत, जिच्यापर्यंत आजची चूक पोहोचत नाही. विकिमीडियासारख्या संस्थेलाही फोटो-व्हिडिओंसाठी अशी स्वतंत्र यंत्रणा उभारायला वेळ लागला. ती २०२० नंतरच्या काळात आकाराला आली. कारण सोपं आहे: विकिपीडियाचा मजकूर तुलनेनं छोटा असतो, त्याच्या संपूर्ण प्रती नियमितपणे कुणालाही डाउनलोड करता येतात. फोटो-व्हिडिओंचा साठा मात्र शेकडो टेराबाइटचा आहे. तो घरच्या हार्ड डिस्कवर मावत नाही.

फाइल बिघडली हे कसं कळतं?

डिस्कवर पडून राहिलेली फाइल काही वेळा आपोआप खराब होते. नाव तेच, आकारही तोच, पण उघडल्यावर अर्धा फोटो करडा. यावर उपाय म्हणजे 'चेकसम'. फाइलमधल्या सगळ्या माहितीवर एक गणित करून एक आकडा काढतात. हा जणू त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा. वर्षभरानं पुन्हा तोच आकडा काढायचा. जुळला तर फाइल जशीच्या तशी आहे. जुळला नाही, तर दुसऱ्या ठिकाणची चांगली प्रत आणून बदलायची. कॉमन्सवर प्रत्येक फाइलचा असा आकडा नोंदलेला असतो. तीच फाइल कुणी दुसऱ्या नावानं पुन्हा अपलोड करू लागला, तर तेही त्यावरून लगेच लक्षात येतं.

फाइल शाबूत असूनही उघडत नाही, असंही होतं. अडोबीनं २०२० च्या अखेरीस 'फ्लॅश'ला रामराम केला, तेव्हा हजारो जुने गेम आणि ॲनिमेशन एका फटक्यात मुके झाले. इंटरनेट आर्काइव्हनं जुन्या फ्लॅशची नक्कल करणारं सॉफ्टवेअर जोडून त्यातले बरेच पुन्हा चालते केले.

आग, हॅकर आणि कोर्ट

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांची मूळ फाइल आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून एक प्रत दूर ठेवायची असते. इंटरनेट आर्काइव्हनं आपल्या सुरुवातीच्या वेब संग्रहाची एक प्रत २००२ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या नव्या ग्रंथालयाला दिली होती, ती याच विचारानं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला. सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली आणि वेबसाइट काही दिवस बंद ठेवावी लागली. साठवलेला संग्रह सुरक्षित राहिला, पण त्या काळात जगभरातल्या वाचकांसाठी तो नसल्यासारखाच होता. त्याच्या महिनाभर आधी प्रकाशकांनी भरलेल्या खटल्यात अपील कोर्टातही आर्काइव्ह हरलं होतं. या वादापायी पाच लाखांहून अधिक पुस्तकं तिथे उसनी वाचायला मिळणं बंद झालं.

थोडक्यात, एकाच संस्थेवर सगळा भार टाकणं धोक्याचं, मग ती संस्था कितीही चांगली असो. ग्रंथालयांसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या 'लॉक्स' या प्रकल्पाचं तत्त्व हेच आहे: भरपूर प्रती असतील, तर वस्तू टिकते.

मराठी पुस्तकांचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. २००० च्या दशकात 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा प्रकल्प उभा राहिला. संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी यांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या मोठ्या पुस्तक-स्कॅनिंग मोहिमेचा तो भाग होता आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्यात महत्त्वाची भागीदार होती. देशातल्या अनेक ग्रंथालयांतली जुनी पुस्तकं स्कॅन झाली. त्यात मराठी पुस्तकंही होती.

पुढे कॉपीराइटचे प्रश्न निघाले आणि ती वेबसाइट लोकांसाठी बंद झाली. पण त्याआधी अमेरिकेतले कार्ल मालमूद यांच्या 'पब्लिक रिसोर्स' या संस्थेनं त्यातले चार लाखांहून अधिक स्कॅन उतरवून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवले होते. आज एखादं शंभर वर्षांपूर्वीचं मराठी पुस्तक पीडीएफ स्वरूपात मिळतं, तेव्हा बऱ्याचदा ते याच प्रतीतून आलेलं असतं.

या प्रतीत दोषही आहेत. कुठे पानं गाळली आहेत, तर कुठे मराठी नावं रोमन लिपीत मनाला येतील तशी लिहिली आहेत. पुस्तक असतं, पण शोधून सापडत नाही. न सापडणारी वस्तू जपली काय आणि हरवली काय, वाचकाला सारखंच. म्हणून मराठी विकिस्रोतावर जुनी, कॉपीराइट संपलेली पुस्तकं घेऊन त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचं स्वयंसेवकांचं काम मोलाचं आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याची पुस्तकं कॉपीराइटमधून मोकळी होतात, त्यामुळे दर १ जानेवारीला या यादीत भर पडते.

तुम्ही काय करू शकता?

पहिली गोष्ट, मूळ फाइल सोडू नका. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की त्याचा आकार कमी होतो, आणि फोटो कधी, कुठे काढला ही आतली माहितीही निघून जाते. पाठवायचाच असेल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

दुसरी, '३-२-१' चा नियम. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी तो लोकप्रिय केला. फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. फोन, हार्ड डिस्क आणि क्लाउड एवढं असलं तरी नियम पाळला जातो. वर्षातून एकदा हार्ड डिस्क जोडून फाइली खरंच उघडतात का, हे बघा.

तिसरी, खाती जिवंत ठेवा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक गुगल खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकली जाऊ लागली आहेत. घरातल्या दिवंगत माणसाचे फोटो अशा खात्यात असतील, तर ते वेळेत उतरवून घ्या.

चौथी, गावातलं जुनं मंदिर, वाडा, बारव, जत्रा, जात्यावर दळणारी आजी यांचे तुम्ही स्वतः काढलेले फोटो कॉमन्सवर खुल्या परवान्यानं देता येतात. माणसांचे फोटो असतील तर आधी त्यांना विचारा. आणि परवाना मागे घेता येत नाही, हे लक्षात ठेवून द्या. नाव, गाव, तारीख आणि दोन ओळींची माहिती देवनागरीत लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तो फोटो सापडेल.

आणि पाचवी, कॉमन्सवर टाकला म्हणून आपली प्रत पुसू नका. तिथली प्रत सगळ्यांसाठी आहे. तुमच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवरची प्रत ही त्या सगळ्यांसाठीची राखीव प्रत आहे.