आधी गोळी, मग चहा

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या असंख्य घरांत चहाचं आधण ठेवायच्या आधी एक छोटीशी गोळी पाण्याबरोबर घेतली जाते. घेणारी बहुतेक वेळा घरातली बाई. कुणाची पंचवीसची, कुणाची पन्नासची, कुणाची शंभरची. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांमधल्या ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत साधारण ११ टक्के लोकांची थायरॉईड ग्रंथी मंदावलेली आढळली. बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे १६ टक्के होतं, पुरुषांमध्ये ५. आणि या मंदावलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना आपल्याला काही झालंय याचा पत्ताच नव्हता.

इतका पसरलेला आजार आणि त्यावर इतकं स्वस्त, इतकं नेमकं औषध, अशी जोडी वैद्यकशास्त्रात क्वचितच सापडते. तरीही गोळी चालू असलेल्या चारचौघींना विचारलं, की एखादी तरी म्हणतेच, ‘गोळी घेते, पण थकवा काही जात नाही.’ माझ्या मते अशा तक्रारींतला बराच भाग औषधाचा नसतो, वेळेचा असतो. गोळीतलं थायरॉईडचं संप्रेरक शरीरात फार सावकाश चालतं आणि आपण त्याला घाई करतो. शिवाय ते ज्या वेळी घ्यायचं, नेमकी तीच आपल्या चहाची वेळ असते.

कंठमण्याच्या जरा खाली, जेमतेम वीस ग्रॅमची ही ग्रंथी. आयोडीनचे अणू वापरून ती दोन संप्रेरकं बनवते. चार अणूंचं टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन. आणि तीन अणूंचं टी-थ्री. बाहेर पडतं ते मुख्यतः टी-फोर. यकृत, मूत्रपिंड, मेंदू अशा ठिकाणी त्यातला एक आयोडीन अणू काढला जातो आणि खऱ्या कामाचं टी-थ्री तयार होतं. ते पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि कोणतं जनुक किती चालवायचं ते ठरवतं. जवळजवळ प्रत्येक अवयवात हे चालू असल्यामुळे ग्रंथी मंदावली की टाचेच्या भेगांपासून केस गळण्यापर्यंत सगळीकडून तक्रारी सुरू होतात.

रक्तातलं टी-फोर कमी झालं, की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचं संप्रेरक जास्त सोडते. रिपोर्टवर हा आकडा चढलेला दिसला की घरोघरी ‘थायरॉईड वाढलाय’ म्हणतात. खरं तर थायरॉईड कमी झालेला असतो. वाढलेला असतो तो पीयूषिकेचा तगादा. आणि हा तगादा भलता हळवा आहे. टी-फोर निम्म्यावर आलं, तर टीएसएच शंभरपटीपर्यंत जाऊ शकतं. म्हणूनच निदानासाठी डॉक्टर आधी टीएसएच पाहतात.

ही तपासणी नव्हती तेव्हा डॉक्टर रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवत, पावलं मागे मोकळी सोडायला सांगत आणि टाचेच्या वरच्या स्नायुबंधावर छोट्या हातोडीने टिचकी मारत. निरोगी पाऊल झटक्यात हलतं आणि झटक्यात जागेवर येतं. थायरॉईड कमी असलेल्याचं पाऊल हलतं, पण परतताना रेंगाळतं. हे रेंगाळणं नुसत्या डोळ्यांना दिसतं. आजही एखाद्या जुन्या डॉक्टरांकडे ते पाहायला मिळेल.

सकाळी उठल्यावर फुगलेला चेहरा, न चढणाऱ्या बांगड्या, घोगरा आवाज, मनगटातली नस दबून बोटांना येणाऱ्या मुंग्या, ही वरकरणी वेगवेगळी दिसणारी लक्षणं बरीचशी एकाच कारणातून येतात. त्वचेखाली आणि ऊतींमध्ये ग्लायकोसॅमिनोग्लायकॅन नावाची साखरयुक्त संयुगं साचतात आणि पाणी धरून ठेवतात. बोटाने दाबलं तरी अशा सुजेवर सहसा खड्डा पडत नाही. जोडीला बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, पाळीत अंगावरून जास्त जाणं. यकृताकडून वाईट कोलेस्टेरॉल उचललं जाण्याचं कामही मंदावतं. त्यामुळे कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं तर त्याची गोळी सुरू करण्याआधी एकदा टीएसएच पाहून घेणं शहाणपणाचं. मनही जड होतं. ‘हल्ली आळस फार वाढलाय हिचा’ असं घरचे बोलून मोकळे होतात, ते मात्र अन्यायाचं आहे.

हे होतं कशामुळे? एके काळी भारतात उत्तर होतं आयोडीनची कमतरता. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांग्रा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज आयोडीनयुक्त मीठ घरोघरी असताना शहरांत दिसणारं मुख्य कारण वेगळं आहे: आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटते. जपानमधल्या फुकुओकाचे तरुण शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली पाहिली आणि जर्मन नियतकालिकात त्याचं वर्णन लिहिलं. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. हाशिमोतो गावी परतून डॉक्टरकी करत राहिले आणि १९३४ मध्ये विषमज्वराने गेले. हा स्वयंप्रतिकार आजार आहे हे लंडनमधल्या संशोधकांनी १९५६ च्या सुमारास सिद्ध केलं, तोवर त्यांना जाऊन दोन दशकं उलटली होती.

हाशिमोतो आजाराच्या रुग्णाने ‘थायरॉईडसाठी’ म्हणून समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या गोळ्या घेऊ नयेत. जादा आयोडीनने ही ग्रंथी आणखी बिघडू शकते. पण म्हणून साधं मीठ टाकून बारा महिने सैंधव किंवा गुलाबी मीठ वापरायचं, हेही बरं नाही. खनिज मिठात पुरेसं आयोडीन नसतं. उपवासापुरतं सैंधव ठीक आहे. घरात मुलं किंवा गरोदर बाई असेल तर रोजच्या डब्यात आयोडीनयुक्त मीठच हवं.

औषधाची गोष्ट १८९१ सालची. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. चेहरा सुजलेली, बोलणं मंदावलेली ती बाई काही महिन्यांत माणसांत आली आणि आणखी २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पुढच्याच वर्षी एका डॉक्टरने टोचण्याऐवजी खाण्याचा मार्ग काढला: मेंढीची अर्धी ग्रंथी हलकी परतायची आणि फळांच्या जेलीबरोबर आठवड्यातून एकदा खायची. अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी २५ डिसेंबर १९१४ रोजी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं केलं. पुढे जवळपास तीन टन डुकरांच्या ग्रंथींमधून त्यांच्या हाती ३३ ग्रॅम थायरॉक्सिन आलं. १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. आज शंभरची गोळी म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. वर्षभराचं सगळं औषध एकत्र केलं तरी ३७ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. बाकी सगळी गोळी म्हणजे भर.

आठवड्यातून एकदा खाऊन तेव्हा का भागत होतं, याचं उत्तर टी-फोरच्या स्वभावात आहे. रक्तातलं टी-फोर निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे पॉवर बदलली की नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि पीयूषिका तिच्याही मागून येते. दोन आठवड्यांत तपासणी करून ‘फरकच नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. सहा ते आठ आठवड्यांनी करा. या संथपणाचा फायदाही आहे. एखादा दिवस गोळी राहिली तर आभाळ कोसळत नाही. दुसऱ्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना एकदाच विचारून ठेवा. पण बंद केलेल्या गोळीचा परिणामही असाच उशिरा कळतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडणारे पहिले पंधरा दिवस खुशीत असतात ते यामुळेच.

आता चहा. ही गोळी लहान आतड्यात शोषली जाते. उपाशीपोटी साधारण ६० ते ८० टक्के. कॉफीबरोबर हे शोषण घटतं, दुधानेही घटतं, आणि आपला चहा म्हणजे निम्मं दूध. म्हणून साध्या पाण्याबरोबर गोळी आणि त्यानंतर अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही. खरे वैरी मात्र कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या. त्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून मध्ये चार तासांचं अंतर हवं. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला या तिन्ही गोळ्या एकाच वेळी चालू असतात आणि विसरायला नको म्हणून त्या एकाच डबीत, एकाच कप्प्यात भरलेल्या असतात. सोयीच्या त्या कप्प्याने किती पन्नासच्या गोळ्या पंचवीसच्या करून टाकल्या असतील! पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा; जठरातलं आम्ल कमी झालं की थायरॉक्सिन नीट विरघळत नाही.

सकाळी सहाला डबे, शाळेची रिक्षा, पाण्याची वेळ या गडबडीत अर्धा तास चहाविना काढणं ज्यांना खरंच जमत नाही, त्यांना रात्रीचा पर्याय आहे. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत झोपताना घेतलेल्या गोळीने संप्रेरकाची पातळी सकाळच्यापेक्षा जरा चांगलीच राहिली. अट एवढीच, जेवण होऊन तीन तास झालेले असावेत. बाटली गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका. उष्णता, दमट हवा आणि उजेड यांनी हे औषध खराब होतं.

तपासणीचीही एक गंमत आहे. टीएसएच दिवसभर एकसारखं नसतं. रात्री-पहाटे जास्त, दुपारी कमी. मागची तपासणी सकाळी सातला आणि यावेळची दुपारी तीनला, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. आणि केस गळतात म्हणून बायोटिन चालू असेल तर ते निदान दोन दिवस आधी थांबवावं. अनेक प्रयोगशाळांची यंत्रं बायोटिनवरच चालणारं रसायन वापरतात. रक्तात ते जादा असलं की टीएसएच खोटंच कमी आणि टी-फोर खोटंच जास्त दिसतं. म्हणजे थायरॉईडमुळे केस गळायचे, केसांसाठी बायोटिन घ्यायचं आणि त्यानेच थायरॉईड ‘बरा’ दाखवायचा.

वजनाबद्दल थोडं कडू बोलायला हवं. थायरॉईड कमी झाल्याने वजन वाढतं, पण सहसा दोन ते पाच किलो, आणि त्यातलं बरंच मीठ-पाणी. वीस किलोचा बोजा या एका ग्रंथीवर टाकता येत नाही. तेवढ्यासाठी पॉवर वाढवून मागणं धोक्याचं आहे: जादा थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात. टीएसएच ताळ्यावर येऊनही थकवा राहिला, तर हिमोग्लोबिन, बी-१२, झोपेतलं घोरणं, नैराश्य यांच्याकडे पाहायला हवं. आपल्याकडच्या बायकांमध्ये पंडुरोग इतका आहे, की सुरुवात मी तिथूनच करेन. थोड्या रुग्णांना मात्र सगळं नीट असूनही पूर्वीसारखं वाटत नाही. त्यांना खोटं ठरवू नये. जोडीला टी-थ्री दिल्याने सरासरी फायदा दिसलेला नाही, पण तो शोध अजून संपलेला नाही.

कोबी-फ्लॉवरची भीती सोडा. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. बाजरीतल्या काही द्रव्यांचा थायरॉईडवर परिणाम होतो हे सुदानमधल्या अभ्यासांतून पुढे आलं, पण तिथे बाजरी हेच मुख्य अन्न होतं. थंडीतल्या चार भाकऱ्यांवर गदा आणायचं कारण नाही. अश्वगंधा मात्र थायरॉईडची संप्रेरकं वाढवू शकते. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

सगळ्यांनाच गोळी लागते असंही नाही. टी-फोर ठीक आणि टीएसएच जरासं वर, असं अनेकांचं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांचं असतं; वयाबरोबर ते थोडं चढतंच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत ६५ वर्षांवरच्या अशा ७३७ जणांपैकी काहींना थायरॉक्सिन आणि काहींना नुसती खोटी गोळी दिली. थकवा आणि इतर लक्षणांत फरक पडला नाही. सत्तरीच्या आजोबांचं टीएसएच सहा आलं, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून ठरवणं बहुधा योग्य.

थांबू नये अशी एक वेळ मात्र आहे. पहिले तीन महिने गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन आईकडून येतं. आईची गरज तेव्हा २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, आणि मंदावलेली ग्रंथी ती पुरवू शकत नाही. म्हणून ज्यांची ही गोळी चालू आहे त्यांनी दिवस राहिल्याचं कळताच, पहिल्या सोनोग्राफीची वाट न पाहता, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून पॉवर वाढवायची का ते विचारावं. मूल हवं असं ठरवलं असेल, तर त्याआधीच टीएसएच तपासून घ्यावं.