स्वमग्न मुलांच्या शिक्षणात सामाजिक यंत्रमानव : उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :
१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. त्यांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या कायद्याने ही संख्या २१ केली व स्वमग्नतेस त्यात स्थान दिले. त्यामुळे उज्जैनसारख्या शहरातील शिक्षणसंस्थांवरही या मुलांची जबाबदारी आली. परदेशात अशा मुलांसाठी 'सामाजिक यंत्रमानव' वापरले जातात. ते आपल्या संस्थांनी घ्यावेत काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्रमानवच का ?
माणसाचा चेहरा क्षणोक्षणी बदलतो. स्वर, नजर व हावभाव यांचा एकत्रित अर्थ लावणे स्वमग्न मुलाला अनेकदा कठीण जाते. यंत्रमानवाचे वागणे मात्र मोजके व ठरावीक असते. तीच कृती तो शंभर वेळा न रागावता करतो. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठात २००५ पासून विकसित झालेला 'कॅस्पर' हा लहान मुलाएवढा यंत्रमानव याच तत्त्वावर आधारलेला आहे. त्याच्या चेहऱ्यावर भाव जाणूनबुजून कमी ठेवले आहेत. गुदगुल्या केल्यास तो हसतो, जोराने मारल्यास दुखल्याचे सांगतो. यातून स्पर्श कसा करावा हे मूल शिकते.

येल विद्यापीठाचा प्रयोग :
ब्रायन स्कॅसेलाटी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ मुलांच्या घरी ३० दिवस यंत्रमानव ठेवण्यात आला. रोज ३० मिनिटे मूल, पालक व यंत्रमानव असे तिघे मिळून खेळत. खेळाची काठिण्यपातळी मुलाच्या प्रगतीनुसार बदलत असे. यंत्रमानव समोर नसतानाही, मोठ्या माणसासोबत एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याच्या मुलांच्या कौशल्यात सुधारणा दिसली. प्रत्येक खेळात पालक सहभागी होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. अर्थात १२ मुले व एक महिना एवढ्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही.

मर्यादा :
किंमत व दुरुस्ती यांपेक्षाही गंभीर प्रश्न सातत्याचा आहे. येलच्या अभ्यासातील 'जिबो' यंत्रमानव बनवणारी कंपनी बंद पडली. २०१९ मध्ये, आपले सर्व्हर बंद होणार असल्याचा निरोप जिबोनेच मालकांना दिला. ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या 'मॉक्सी'च्या कंपनीनेही डिसेंबर २०२४ मध्ये काम थांबवत असल्याचे जाहीर केले. ज्या मुलाला नेहमीचा रस्ता बदललेलाही सोसत नाही, त्याचा रोजचा सोबती असा अचानक गप्प झाल्यास काय होईल, याचा विचार खरेदीपूर्वीच व्हायला हवा.

उज्जैनच्या संदर्भात :
येथील मूल घरी माळवी, उर्दू किंवा मराठी ऐकते, तर शाळेत हिंदी. इंग्रजी बोलणारा यंत्रमानव त्याच्या फारसा उपयोगाचा नाही. आधी निदान लवकर होणे आवश्यक आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेत तपासणीची तरतूद आहे. स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी ४० मुद्द्यांची भारतीय श्रेणीही उपलब्ध आहे. नावाने हाक मारल्यावर न वळणारे, बोट दाखवून वस्तू न मागणारे मूल आढळल्यास पालकांना तपासणीस पाठवणे, एवढे तरी प्रत्येक शिक्षकास करता येते.

कम्युनिटी कॉलेजचे इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी मुलाच्या घरच्या भाषेत दोन-चार वाक्ये बोलणारी, मान वळवणारी साधी बाहुली प्रकल्प म्हणून बनवू शकतील. तिचा वापर मात्र पालकांची संमती घेऊन, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या विशेष शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावा. बाहुली बिघडल्यास तीच दुरुस्त करणारे हातही शहरातच असतील.

निष्कर्ष :
ठरलेली वेळ, मोजके शब्द, तीच कृती पुन्हा पुन्हा आणि न रागावणे हे यंत्रमानवाचे गुण प्रशिक्षित शिक्षकाला व पालकालाही अंगी बाणवता येतात. मूल अखेर माणसांतच वावरणार आहे. म्हणून संस्थेकडे निधी मर्यादित असेल, तर त्याचा पहिला वाटा विशेष शिक्षकाच्या नेमणुकीस व पालकांच्या प्रशिक्षणास मिळावा. यंत्राचा विचार त्यानंतर करावा.