रोकेयांच्या नारीस्थानातले विज्ञान

रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या नारीस्थान या देशात पुरुष मर्दान्यात, म्हणजे घरात पडद्याआड, राहतात आणि राज्यकारभार स्त्रिया चालवतात. एका विद्यापीठातल्या स्त्रिया ढगांतून पाणी उतरवतात, तर दुसऱ्या विद्यापीठातल्या सूर्याची उष्णता साठवतात. त्याच उष्णतेवर स्वयंपाक होतो आणि तिच्याच झोताने शत्रूचे सैन्य पळवून लावले जाते. म्हणजे इथे सत्ता येते ती ज्ञानातून, आणि ज्ञान मिळते ते मुलींना शाळेची दारे उघडल्यावर. रोकेयांचा खरा मुद्दा हाच आहे.

ही तर एका अन्यायाच्या जागी दुसऱ्याची स्थापना, असा आक्षेप यावर घेता येईल. पण स्त्रियांना घरात कोंडणाऱ्या पडदापद्धतीच्या समर्थकांचा युक्तिवाद स्त्रियांच्या सुरक्षिततेचा होता. धोका पुरुषांपासून असेल, तर कोंडायचे कोणाला, हा प्रश्न भूमिका उलटवल्याशिवाय इतका लख्ख दिसलाच नसता. कथेतला हिशेबही असाच नेमका आहे: अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाला बारा चिरूट ओढणारा पुरुष सहा तास वाया घालवतो, स्त्रिया तो वेळ घालवत नाहीत, म्हणून त्यांची कामे दोन तासांत उरकतात.

हे निव्वळ स्वप्नरंजन होते, असेही म्हणता येत नाही. शाळेत कधीच न गेलेल्या रोकेयांनी पतीच्या निधनानंतर १९०९ साली भागलपुरात मुलींची शाळा काढली, १९११ मध्ये ती कोलकात्यात नव्याने उभी केली आणि १९३२ साली मृत्यू येईपर्यंत चालवली. विज्ञानकथेत मांडलेला विचार त्यांनी स्वतः आयुष्यभर राबवला.